वजनकाटा चालू केल्यावर सगळे आठ का दिसतात? त्या सात दिव्यांचा ‘ड्रायव्हर’ लिनक्समध्ये कसा लिहितात?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर सकाळी मासळी घ्यायला गेला असाल तर हे तुम्ही शंभर वेळा बघितलं असेल. मावशी इलेक्ट्रॉनिक काट्याचं बटण दाबते. पडद्यावर एक-दोन सेकंद नुसते इंग्रजी आठ चमकतात, सगळ्या घरांत. मग ते जातात, शून्य येतं आणि बांगडे पारड्यात पडतात.

ते आठ म्हणजे काट्याची हजेरी असते. पडद्यावरच्या प्रत्येक आकड्यामागे सात छोट्या पट्ट्या असतात आणि इंग्रजी आठ हा एकच आकडा असा आहे, की ज्यात सातही पट्ट्या पेटतात. म्हणून चालू होताना काटा सगळ्या पट्ट्या एकदा पेटवतो, एकदा विझवतो. वजनकाट्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमांतच ही तपासणी सांगितलेली आहे, आणि ती गिऱ्हाइकाच्या फायद्याची आहे.

का, ते बघा. समजा आठातली मधली पट्टी मेली. आता आठ लिहिलं तरी दिसणार शून्य. उजवीकडची वरची मेली तर आठाचा सहा होतो. डावीकडची खालची मेली तर नऊ. इंग्रजी साताची वरची आडवी पट्टी गेली तर उरतो एक. काटा आतून बरोबर मोजतोय, मावशीही प्रामाणिक आहे, तरी पडदा खोटं बोलतोय. पुढच्या वेळी सुरमई घेताना काटा आधीच चालू असेल तर एकदा बंद करून चालू करायला सांगा. आठ अर्धवट दिसला तर काय ते समजा.

आता आपला खरा विषय. या सात पट्ट्यांपैकी कुठली कधी पेटवायची हे ठरवतं कोण?

मिरकरवाड्याच्या काट्यात ते काम एक छोटी चिप करते. तिच्यात लिनक्स वगैरे काही नसतं, एकच प्रोग्राम वर्षानुवर्षं फिरत असतो. पण हेच सात दिवे सेट-टॉप बॉक्सवर घड्याळ म्हणून असतात, नेटवर्कच्या मोठ्या स्विचवर असतात, आणि इंजिनिअरिंगच्या पोरांच्या टेबलावर रास्पबेरी पायला जोडलेले असतात. तिथे बऱ्याचदा आत लिनक्स चालू असतं. आणि लिनक्स असलं की प्रोग्रामने उठून थेट दिव्याला हात लावायचा नाही, मध्ये ड्रायव्हर लागतो.

कर्नेल म्हणजे काजूगर

कर्नेल म्हटल्यावर डोळ्यांसमोर मिशीवाले कर्नलसाहेब येत असतील तर ते बाजूला ठेवा. इंग्रजीत कर्नेल म्हणजे टरफलाच्या आतला गर. कोकणात हे समजावून सांगायची गरज नाही, काजूगर सगळ्यांनी सोललेत आणि सोलताना चीक लागून बोटंही भाजून घेतलीत.

कॉम्प्युटरमध्येही तसंच. आपण जे बघतो, व्हॉट्सॲप, ब्राउझर, कॅमेरा, ते सगळं वरचं. आतला गर म्हणजे कर्नेल. मेमरी कुणाला किती द्यायची, प्रोसेसर कुणी किती वेळ वापरायचा आणि तारांच्या टोकाला लावलेल्या वस्तूंशी कोण बोलणार, हे तो ठरवतो. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या २१ वर्षांच्या पोराने १९९१ साली लिनक्स कर्नेल जाहीर केला. आज तुमच्या खिशात अँड्रॉइड फोन असेल तर तोच कर्नेल तिथे चालू आहे.

ड्रायव्हर हा कर्नेलचाच तुकडा. त्याला एका विशिष्ट वस्तूची भाषा येते. वरून प्रोग्राम म्हणतो, ‘पाच दाखव.’ पाच म्हणजे काय हे दिव्याला माहीत नसतं. त्याला फक्त करंट आला की नाही एवढंच कळतं. मधलं भाषांतर ड्रायव्हर करतो.

पण ही सोय जोखमीची आहे. साधा प्रोग्राम चुकला तर तो एकटा बंद पडतो. ड्रायव्हर कर्नेलच्या आत बसलेला असल्यामुळे तो चुकला तर अख्खं मशीन आडवं होऊ शकतं. सात दिव्यांसाठी केलेली चूक आणि हार्ड डिस्कसाठी केलेली चूक यांत कर्नेलच्या दृष्टीने फारसा फरक नाही.

सात पट्ट्यांचा हिशेब

पट्ट्यांना जगभर एकच नावं आहेत. सगळ्यात वरची आडवी ती ए. तिथून घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरायचं: उजवीकडची वरची बी, उजवीकडची खालची सी, तळाची डी, डावीकडची खालची ई, डावीकडची वरची एफ. मधली आडवी जी. काही पडद्यांवर दशांश चिन्हाचा आठवा ठिपका असतो.

प्रत्येक पट्टीला एक किंमत देऊ. ए म्हणजे १, बी २, सी ४, डी ८, ई १६, एफ ३२, जी ६४. दर वेळी दुप्पट. आता जेवढ्या पट्ट्या पेटवायच्या त्यांची बेरीज करा, आली ती संख्या म्हणजे त्या आकड्याचं चित्र.

इंग्रजी एक म्हणजे बी आणि सी, बेरीज ६. शून्य म्हणजे मधली सोडून सगळ्या, ६३. चार म्हणजे एफ, जी, बी, सी, बेरीज १०२. आठ म्हणजे सगळ्या, १२७. हा १०२ लक्षात ठेवा, पुढे तो आपल्याला त्रास देणार आहे.

एकूण रचना होतात १२८. त्यांत दहा आकडे सहज बसतात आणि रोमन अक्षरंही बरीच बसतात. सगळी नाही. एम, डब्ल्यू, के, एक्स यांना तिरक्या रेघा लागतात आणि इथे तिरकी रेघच नाही. त्यामुळे रोमन लिपीत ‘रत्नागिरी’ थोडी कॅपिटल, थोडी स्मॉल अक्षरं वापरून वाचता येण्यासारखी बसते, पण ‘मुंबई’ पहिल्याच एमला अडकते. आम्ही यावर काही बोलत नाही.

कुठल्या अक्षराला कुठली बेरीज, याचा एक तयार तक्ता लिनक्समध्ये कित्येक वर्षांपासून आहे. हेंक व्हर्गोनेट या डेव्हलपरने २००५ साली तो लिहिला. तेव्हा काम होतं यूएसबीवर चालणाऱ्या एका इंटरनेट फोनच्या छोट्या पडद्याचं. तक्त्यात १२८ खाने आहेत, शून्यापासून १२७ पर्यंत. अक्षराचा संगणकातला क्रमांक घ्यायचा, तो खाना उघडायचा, आतली बेरीज उचलायची. नवीन ड्रायव्हर लिहिणाऱ्याला हे परत करावं लागत नाही, आणि केलं तर कर्नेलवाले ते परत पाठवतात.

शंभर-सव्वाशे ओळींचा खरा ड्रायव्हर

पुस्तकातलं उदाहरण घेण्यापेक्षा प्रत्यक्ष कर्नेलमध्ये असलेला ड्रायव्हर बघू. नाव ‘सेग-एलईडी-जीपीआयओ’. न्यूझीलंडमध्ये अलाइड टेलेसिस या कंपनीसाठी काम करणाऱ्या ख्रिस पॅकहॅमने तो लिहिला आणि २०२४ साली लिनक्स ६.९ मध्ये तो आला. कंपनीच्या एक्स-५३० या नेटवर्क स्विचवर एका आकड्याचा पडदा आहे. असे बरेच स्विच एकमेकांना जोडून एकत्र चालवले की त्यातला हा कितवा, ते तो पडदा सांगतो. रात्री दोन वाजता सर्व्हर रूममध्ये उभ्या असलेल्या माणसाला नेमकी कुठल्या डब्याची वायर काढायची हे तो आकडा बघूनच कळतं. तो चुकीचा दिसला तर चालू असलेल्या डब्याची वायर निघेल.

जीपीआयओ म्हणजे चिपच्या साध्या पिना. सॉफ्टवेअरने सांगितलं की पिनेवर व्होल्टेज येतं किंवा जातं. सात पट्ट्यांना सात पिना.

पण ड्रायव्हरला कसं कळणार की ए पट्टी कुठल्या पिनेला जोडली आहे? दर मशीनमध्ये ती वेगळी असणार. म्हणून ते ड्रायव्हरमध्ये लिहीतच नाहीत. त्यासाठी ‘डिव्हाइस ट्री’ नावाची वेगळी फाइल असते. घर बांधताना वायरमन जो नकाशा काढतो, कुठलं बटण कुठल्या पंख्याला, तसा हा नकाशा. त्यात लिहिलेलं असतं: इथे सात पट्ट्यांचा पडदा आहे, पट्ट्या अमुक पिनांवर आहेत, क्रम ए पासून जी पर्यंत.

याच नकाशात आणखी एक भानगड मिटते. बाजारात हे पडदे दोन जातीचे मिळतात, कॉमन कॅथोड आणि कॉमन अ‍ॅनोड. एकात पिनेवर व्होल्टेज दिलं की पट्टी पेटते, दुसऱ्यात व्होल्टेज काढलं की पेटते. दुकानदाराने चुकून दुसरी जात दिली की सगळे आकडे उलटे दिसतात, जे पेटायला हवं ते विझतं. पुष्कळ जण अशा वेळी कोडमध्ये उलटापालट करत बसतात. खरं तर नकाशात त्या पिनांपुढे ‘उलटी’ अशी खूण केली की काम संपलं, ड्रायव्हरच्या एकाही ओळीला हात लावायचा नाही.

मशीन सुरू होताना कर्नेल नकाशा वाचतो, त्यातलं नाव आणि ड्रायव्हरने सांगितलेलं नाव जुळतंय का बघतो. जुळलं की ड्रायव्हरमधलं ‘प्रोब’ नावाचं फंक्शन बोलावतो. प्रोब म्हणजे स्थळ बघायला जाणं समजा. पिना आहेत का, सात किंवा आठच आहेत ना, मेमरी मिळतेय का. काही खटकलं तर तिथूनच नकार. सगळं ठीक असेल तर ड्रायव्हर कर्नेलमधल्या ‘लाइन डिस्प्ले’ या सामाईक यंत्रणेकडे नाव नोंदवतो: माझ्याकडे एका अक्षराची जागा आहे आणि अक्षर बदललं की मला अमुक फंक्शनने हाक मारा.

एवढं केल्यावर ‘मेसेज’ नावाची एक फाइल तयार होते. डिस्कवर ती कुठेच नसते, कर्नेल ती नुसती दाखवतो. तिच्यात तुम्ही पाच लिहिलं की पडद्यावर पाच दिसतो. जागेपेक्षा लांब मजकूर लिहिला तर ही यंत्रणा तो आपोआप सरकवते, काही वेगळं सांगितलं नाही तर दर अर्ध्या सेकंदाला एक अक्षर. म्हणजे ‘रत्नागिरी’ची नऊ रोमन अक्षरं एका घरातून जायला साडेचार सेकंद.

इथे झोपायची परवानगी नाही

ड्रायव्हर लिहिणारे नवशिके जिथे हमखास आपटतात ती जागा आता येते.

मजकूर सरकवायला कर्नेल टायमर लावतो. टायमर वाजला की लगेच काही काम करायचं असतं, आणि त्या क्षणी एक कडक नियम लागू होतो: थांबायचं नाही. कर्नेलच्या भाषेत याला ‘झोपणं’ म्हणतात. कुणाच्या उत्तराची वाट बघत बसणं म्हणजे झोप.

यात अडचण कुठे आली? पिना नेहमी मुख्य चिपच्याच असतात असं नाही. कधीकधी त्या बाजूच्या छोट्या चिपवर असतात आणि तिच्याशी दोन तारांवरून, सावकाश, बिट बिट करत बोलावं लागतं. तिचं उत्तर यायला वेळ लागतो. म्हणजे झोपावं लागतं. आणि टायमरमध्ये झोपायची तर बंदी.

म्हणून आपला ड्रायव्हर टायमरमध्ये दिव्यांना हातच लावत नाही. ‘पडदा बदलायचा आहे’ एवढी चिठ्ठी कामाच्या रांगेत टाकतो आणि निघून जातो. थोड्या वेळाने कर्नेलचा एक कामगार रांगेतली चिठ्ठी उचलतो, तक्त्यातून बेरीज काढतो आणि सातही पिना एकदम बदलतो. त्याला झोपायची मुभा आहे. हा उशीर इतका कमी असतो की डोळ्याला कळतही नाही.

सातही पिना एकाच हाकेत बदलतात हेही मुद्दाम आहे. एकेक बदलली असती तर सावकाश तारेवर पाचाचा सहा होताना मधले भलतेच आकार क्षणभर चमकून गेले असते.

रीलमध्ये आकडे लुकलुकतात ते का?

वजनकाट्याचा किंवा रेल्वे स्टेशनवरच्या एलईडी बोर्डाचा व्हिडिओ काढलाय कधी? डोळ्यांना नीट दिसणारे आकडे मोबाइलमध्ये फडफडतात, कधी अर्धेच येतात. बोर्ड खराब नसतो. तो आधीपासूनच आपल्याला फसवत असतो, मोबाइल फक्त पकडतो.

चार आकड्यांचा पडदा घ्या. प्रत्येकी आठ तारा म्हटल्या तर ३२ तारा झाल्या. एवढ्या पिना कुणी देत नाही. म्हणून सगळ्या आकड्यांच्या ए पट्ट्या एकाच तारेला, सगळ्या बी दुसऱ्या तारेला, असं जोडतात, आणि आत्ता कोणाची पाळी हे सांगायला चार तारा वेगळ्या. १२ तारांत काम भागलं. पण मग एका वेळी एकच आकडा पेटू शकतो. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, परत पहिला, हे इतक्या वेगाने करायचं की आपल्या डोळ्याला चारही सतत पेटलेले वाटावेत. प्रत्येकाला सेकंदात शंभर वेळा पाळी द्यायची तर सेकंदात ४०० वेळा बदल, दर अडीच मिलिसेकंदाला एक.

हे काम कर्नेलने स्वतः करावं का? करता येतं. पण मग मुख्य प्रोसेसर दिवसरात्र सेकंदाला ४०० वेळा दिव्यांसाठी उठणार, आणि त्याला जरा दुसरं काम लागलं की एक आकडा जास्त उजळ, बाकीचे मंद. म्हणून हा हमालीचा भाग दहा-वीस रुपयांपासून मिळणाऱ्या वेगळ्या चिपकडे देतात. मॅक्स-७२१९, टीएम-१६३७, एचटी-१६के-३३ ही त्यातली नावं इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात हमखास ऐकू येतात. त्यांना एकदा सांगितलं की पाळ्या त्या स्वतः लावतात. यातल्या एचटी-१६के-३३ चा ड्रायव्हर लिनक्समध्ये २०१६ पासून आहे आणि २०२१ मध्ये त्याला सात आणि चौदा पट्ट्यांचे पडदे चालवता येऊ लागले.

पण घरी एक दिवा पेटवायला खरंच कर्नेलमध्ये घुसायचं का? आमचं मत, नाही. रास्पबेरी पायवर पायथनच्या वीस ओळींत हे होतं, आणि चुकलं तर फक्त तुमचा प्रोग्राम बंद पडतो. कर्नेलमध्ये तेव्हा जा, जेव्हा पडदा मशीनचाच भाग आहे, मशीन सुरू होताच दिसायला हवा आहे आणि वरचा प्रोग्राम कुठल्याही भाषेतला असला तरी त्याला वायरिंग माहीत असायची गरज नको आहे. किंवा कर्नेल शिकायचाच असेल तेव्हा. शिकायला याहून सोपी वस्तू मिळणार नाही, कारण चूक लगेच डोळ्यांसमोर पेटते.

करून बघणार असाल तर एक सूचना. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात, लाल एलईडी साधारण २ व्होल्ट खाते. प्रत्येक पट्टीसाठी ३३० ओहमचा रेझिस्टर लावला तर साधारण ४ मिलिअँपिअर करंट जातो, सातही पेटल्या तरी २८. रेझिस्टर न लावता जोडलंत तर आधी एलईडी जाईल की पायची पिन, एवढाच प्रश्न उरतो. सातांसाठी मिळून एकच रेझिस्टर लावायचा मोह होतो, तोही टाळा. मग एक मध्ये दोन पट्ट्या उजळ पेटतात आणि आठमध्ये सात पट्ट्या मंद.

आता तो १०२

हे सगळं समजल्यावर मराठी माणसाच्या डोक्यात एक प्रश्न येणारच. मेसेज फाइलमध्ये मराठी ५ लिहिला तर?

तर तो दिसत नाही. तक्त्याचे खाने १२७ पर्यंतच आहेत. मराठी अंक युनिकोडमध्ये आहेत आणि लिनक्समध्ये साठवताना प्रत्येकाला तीन बाइट लागतात. ० चे तीन बाइट आहेत २२४, १६५, १६६. तिन्ही १२७ च्या वर. म्हणजे त्यांना तक्त्यात खानाच नाही. वर ही यंत्रणा बाइट मोजते, त्यामुळे एक मराठी अंक म्हणजे तिला तीन अक्षरं वाटतात आणि एका घराच्या पडद्यावर ती ते सरकवायला घेते.

पण एक वाट आहे. ‘मॅप-सेग-७’ नावाची आणखी एक फाइल हीच यंत्रणा देते आणि तो १२८ बाइटचा तक्ता तिच्यातून वाचता येतो. रूटचा अधिकार असेल तर बदलताही येतो. इंग्रजी अंकांचे खाने ४८ ते ५७. त्यांच्यात मराठी अंकांच्या बेरजा भरल्या की मेसेजमध्ये इंग्रजी अंक लिहायचा आणि पडद्यावर मराठी दिसणार. ड्रायव्हरला हातही लावायचा नाही.

मग मराठी अंकांच्या बेरजा काढायला बसलो. वहीवर सात काड्यांचे आठ काढा आणि तुम्हीही करून बघा.

० सोपा, ६३. २ आणि ३ सुद्धा सुटतात, इंग्रजीसारखेच, ९१ आणि ७९. ४ साठी आठाची वरची पट्टी काढली, १२६, आणि तो चक्क चारासारखा दिसला. ६ साठी इंग्रजी ई, १२१, वाईट नाही. ८ साठी इंग्रजी एल, ५६, समजून घ्यावं लागतं.

मग अडलं. ५ काढायचा तर डावीकडे वर एक दांडी, मधली आडवी, उजवीकडे पूर्ण दांडी. एफ, जी, बी, सी. बेरीज १०२. म्हणजे तोच इंग्रजी चार. सात दिव्यांना या दोघांत काहीच फरक दिसत नाही.

१ ची गत आणखी वाईट. वर गोल, उजवीकडे खाली शेपूट, बेरीज १०३. इंग्रजी नऊ १११. फरक फक्त तळाच्या एका पट्टीचा, आणि काही कंपन्यांचे पडदे नऊ लिहिताना ती तळाची पट्टी पेटवतच नाहीत. ७ काढला तर १२४ आला, इंग्रजी सहाला १२५. इथे फरक वरच्या एका पट्टीचा. ९ तर १ ची आरशातली प्रतिमा करून बघितला, इंग्रजी पी झाला.

आता मिरकरवाड्याच्या काट्यावर हे लावून बघा. मावशी म्हणते पाच किलो, गिऱ्हाईक वाचतो चार. एक किलो कोलंबीचे पैसे द्यायचे की नऊ किलोचे, यावर बंदरावर काय होईल याची कल्पना करू नका. वजनमापाच्या कायद्याने हा प्रश्न येऊच दिलेला नाही. वैधमापन कायदा, २००९ च्या कलम ६ नुसार अंकांचं रूप हे भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप, म्हणजे आपण ज्यांना इंग्रजी आकडे म्हणतो तेच. संविधानाच्या कलम ३४३ मध्येही संघराज्याच्या कामकाजासाठी हेच रूप सांगितलं आहे. वजनकाट्यापुरतं बोलायचं तर सात पट्ट्यांचं गणितही कायद्याच्याच बाजूने आहे.

पण याचा अर्थ मराठी अंक दिव्यांत बसत नाहीत असा नाही. ते सात पट्ट्यांत बसत नाहीत. सात हा आकडा काही दगडावरची रेघ नव्हती. फ्रँक वुड नावाच्या अमेरिकन माणसाने १९०८ साली पेटंटसाठी जी रचना दिली तिच्यात आठ पट्ट्या होत्या, आणि आठवी तिरकी पट्टी होती ती इंग्रजी चार नीट काढता यावा म्हणून. पुढे ती गळली, कारण तिच्यावाचून चार वाचता येत होता. वाचणारे मराठी अंकवाले असते तर कुठली पट्टी टिकली असती कुणास ठाऊक. ठिपक्यांचा बोर्ड असेल तर हा प्रश्नच राहत नाही. लहानात लहान पाच बाय सातच्या चौकटीतही ३५ ठिपके असतात, गोल आणि शेपूट दोन्ही निघतात. मुंबईत बेस्टच्या बसवर पुढच्या बाजूला मार्गाचा क्रमांक मराठीत असतो, तो एलईडीवरही नीट वाचता येतो.

घरच्या पायवर मात्र सात पट्ट्यांचा मराठी तक्ता भरून बघायला हरकत नाही. लिनक्स ६.९ किंवा त्यापुढचा हवा आणि ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून बांधलेला हवा. आधी मूळ तक्ता वाचून बाजूला ठेवा, त्यातले ४८ ते ५७ एवढेच दहा बाइट बदला, आणि परत लिहिताना १२८ च्या १२८ बाइट एकदम लिहा. एक कमी किंवा जास्त झाला तर कर्नेल घेत नाही. मग घरातल्या कुणाला तरी न सांगता पडद्यावर १०२ पेटवा आणि विचारा, हा चार की पाच. आकडे फारच अंगावर आले तर मशीन रीबूट करा. बदललेला तक्ता मेमरीतच असतो, मूळचा आपोआप परत येतो.